सितैन की तिसैन? रुमाल ३, घडी ९

रुमाल ३ हे जुन्या मोडी कागदांचं कापडी गाठोडं, आणि घडी ९ ही त्यातली खर्चाची एक यादी. गेल्या नोंदीत तिचं साल मी ‘खमस सबैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर ११७५ (शुहूर म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिलं जाणारं साल) असं दिलं होतं. ते मागे घेते. वाचन चुकलं होतं, आणि कुठे चुकलं ते कळायला सव्वा महिना गेला. ज्यांनी ते साल आपल्या वहीत उतरवून घेतलं असेल त्यांनी कृपया खोडावं. आता खरं साल हाती आलंय, आणि ते जसं आलं तसं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी चूक. मूळ कागद ज्यांचा त्यांच्या वाड्याबाहेर न्यायचा नाही ही आपल्या मंडळाची अट, त्यामुळे रविवारच्या बैठकीत आपण फोटोवरच वाचतो. फोटो मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपमधून काढले होते. हे ॲप कागद ‘स्वच्छ’ करतं. डाग काढतं, पार्श्वभूमी पांढरी करतं, अक्षरं ठसठशीत करतं. लाइटबिलासाठी छान आहे. मोडी कागदासाठी मात्र कोणीही, कधीही वापरू नये. सालातल्या मधल्या शब्दावरची वेलांटी त्याने डाग समजून पुसून टाकली. वेलांटी नाही म्हणून आम्ही ‘सबैन’ वाचलं आणि सव्वा महिना त्यावर इमले बांधले. शेवटी भूगोलाच्या मॅडम वाड्यात जाऊन मूळ कागदावर एका बाजूने, अगदी कागदाला टेकवून, साधी टॉर्च धरून बसल्या. तिरप्या उजेडात वेलांटी स्पष्ट उभी राहिली. तेव्हापासून नियम केलाय: साध्या कॅमेऱ्याने, कुठलीही सुधारणा न करता फोटो, आणि प्रत्येक पानाचा एक फोटो तिरप्या उजेडात.

आता वेलांटी आली तर सबैन गेलं. मग राहिलं काय? शब्दाची स्थिती अशी आहे: ‘खमस’ स्वच्छ, पाच. ‘मया व अलफ’ स्वच्छ, अकराशे. मधल्या दहकाच्या शब्दातली पहिली दोन्ही अक्षरं कसरीने खाल्लेली. शिरोरेघ आणि तिच्या वरचं तेवढं शाबूत. पहिल्या अक्षराची वेलांटी, दुसऱ्यावरच्या दोन मात्रा, आणि शेवटी न. अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सबैन, समानीन हे सगळे या सांगाड्यात बसत नाहीत. बसतात फक्त दोन: सितैन आणि तिसैन. साठ आणि नव्वद. अक्षरं तीच, फक्त स आणि त यांनी जागा बदललेल्या. आणि नेमकी तीच दोन अक्षरं भोकात गेलेली.

म्हणजे शुहूर ११६५ किंवा ११९५. मृगाच्या सुरुवातीला बदलणारं साल, म्हणून इसवी सनात १७६४-६५ किंवा १७९४-९५.

मजकुरात ‘माधवराव’ आहे, त्यावरून ठरवा, असं ज्यांनी सुचवलं त्यांच्यासाठी: आम्हीही आधी तिकडेच धावलो. पण १७६४ साली पेशवे थोरले माधवराव, आणि १७९४ साली सवाई माधवराव. पुढे ‘बल्लाळ’ किंवा ‘नारायण’ या वडिलांच्या नावाचं एक अक्षर जरी राहिलं असतं तरी काम झालं असतं. तिथे घडीची चीर आहे.

खरं सांगते, आम्हाला सगळ्यांना तिसैन हवं होतं. शुहूर ११९५ म्हणजे खर्ड्याच्या लढाईचं साल, ११ मार्च १७९५. आपलं गाव पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवर, आणि यादीत ‘स्वारीबद्दल’ वैरणीचे पेंढे टाकलेत. खर्ड्याला निघालेल्या फौजेची वैरण आपल्या गावाने पुरवली! मे महिन्यातल्या प्रदर्शनासाठी या एका कागदाचा मोठा फलक करायचं ठरलं होतं, मजकूरही लिहून झाला होता. माझ्या मते आम्ही अडकलो ते यामुळेच. हवं ते साल समोर दिसत असलं की माणूस दुसऱ्या सालाला नीट संधी देत नाही.

पुढचा उपाय चंद्राचा. कागदावर ‘छ १४ रजब’ आहे, म्हणजे रजब या हिजरी महिन्याची १४ तारीख. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, दरवर्षी ऋतूंच्या मानाने अकरा दिवस मागे येणारं. तेव्हा दोन सालांतला रजब वर्षाच्या अगदी वेगळ्या भागात पडणार, आणि यादीतल्या जिनसांवरून ऋतू कळला की निकाल लागणार. जंत्री (जुन्या तारखांचे तक्ते) उघडली आणि सगळे गप्प झालो. रजब सुमारे साडेबत्तीस वर्षांत पूर्ण फेरी मारतो. आमच्या दोन सालांत अंतर तीस वर्षांचं. म्हणजे फेरी जवळजवळ पुरी, आणि फरक उरतो जेमतेम एका महिन्याचा. ११६५ सालचा रजब पौषात, ११९५ सालचा माघात. ‘छ १४’ म्हणजे एकीकडे ७ जानेवारी १७६५ च्या आसपास, दुसरीकडे ४ फेब्रुवारी १७९५ च्या आसपास (चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडेतिकडे). दोन्ही थंडीतले. कडबा, गूळ, तीळ, बाजरी काय, दोन्हीकडे चालतं. हे अंतर तेहतीस वर्षांचं असतं तर या वाटेने हात टेकावेच लागले असते.

तीन रविवार तसेच गेले. मी तर तो कागद बाजूला ठेवून घडी १० घ्यावी असं म्हणायला लागले होते.

मग वाड्यातल्या आजी. रुमाल त्यांच्या घरातला, माळ्यावरच्या पेटीतून त्यांनीच काढून दिलेला. त्या आपल्या बैठकीला येत नाहीत, आपण कागद बघायला गेलो की चहा देतात आणि पलंगावर बसून ऐकतात. त्या दिवशी मी यादी मोठ्याने वाचत होते, कारण अण्णा (आपले निवृत्त तलाठी) उतरवून घेत होते. ‘तीळ, गूळ, कुंभारास सुग…’ इथे पुढे शाई पसरलीय. आम्ही पहिल्यापासून ते ‘सुगी’ धरलं होतं, म्हणजे सुगीत कुंभाराला द्यायचं बलुतं. पुढे ‘५’ आकडा आहे, तो पायल्यांचा असेल असं समजून पुढे गेलो होतो.

आजी म्हणाल्या, ‘सुगी कशी असेल गं? सुगडी असतील. पाच.’

अण्णांचा पेन थांबला. पाच सुगडी, वरच्या ओळीत तीळ, त्याच्या शेजारी गूळ. संक्रांतीचं वाण! शब्द मोडीत जोडून लिहिलेले, मधे जागा नाही, आणि आम्ही सगळे लिपी शिकलेले लोक धान्याचं माप शोधत बसलो होतो. ज्या बाईने साठ-सत्तर संक्रांतींना सुगडी पुजली, तिला ते कागद न बघता ऐकू आलं.

संक्रांत सूर्यावर चालते, चंद्रावर नाही, म्हणून ती इथे सोन्याची ठरते. त्या काळात ती आजच्यापेक्षा थोडी आधी, १० जानेवारीच्या सुमारास यायची. ११६५ सालात रजब २५ डिसेंबरला सुरू झाला, म्हणजे संक्रांत रजबमध्येच, आणि ‘छ १४’ संक्रांतीच्या तोंडावर. ११९५ सालात संक्रांत आदल्या महिन्यात, जमादिलाखरमध्ये, होऊन गेलेली.

अण्णांनी लगेच शंका काढली, आणि ती रास्त होती: पैसे किंवा धान्य उशिरा दिलं असेल, कुंभाराचा हिशोब महिन्याने मिटवला असेल. पण तीळ आणि गूळ त्याच दिवशीच्या खर्चात आहेत, ते कुंभाराच्या उधारीत येत नाहीत. शिवाय हळदीकुंकू फार तर रथसप्तमीपर्यंत. १७९५ साली ४ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आली होती, रथसप्तमी आठवड्यापूर्वी उरकलेली. सण संपल्यावर सुगडी कोण आणतं? अण्णांनी वहीत ‘मान्य’ असं लिहून सही केली. चौदा महिन्यांत त्यांची अशी ही तिसरी सही!

तरी आणखी एक पुरावा शोधला. घडी बंद असताना शाईचा उलटा ठसा समोरच्या पदरावर उमटतो, दमट पेटीत तर नक्कीच. मॅडमनी भोकासमोरच्या पदराचा फोटो काढून आरशासारखा उलटवला. दोन मात्रांच्या खाली एक फिकट वळण दिसतं. मॅडम म्हणतात ‘त’च. मी अजून ‘असू शकेल’ म्हणते. घडी इतकी वर्षं तशीच राहिली, कोणी इस्त्री केली नाही, चिकटपट्टी लावली नाही, म्हणून तो ठसा टिकला. घरातल्या जुन्या कागदांना लॅमिनेशन करून घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका करू.

तर: खमस सितैन मया व अलफ. शके १६८६, तारण संवत्सर, पौष. खर्ड्याचा फलक रद्द. वैरण कोणत्या स्वारीसाठी ते या कागदात नाही, म्हणून ते लिहायचंही नाही.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण काल रात्री तारखा परत मोजताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मी बराच वेळ तशीच बसले. पानिपत १४ जानेवारी १७६१. हा कागद ७ जानेवारी १७६५ चा. पानिपतला चार वर्षं पुरी व्हायला आठवडा बाकी. त्या आठवड्यात गावात कोणाच्या तरी घरी तीळ आले, गूळ आला, कुंभाराकडून पाच सुगडी आली, आणि कारकुनाने ती लिहून ठेवली. प्रदर्शनात हाच फलक करायचा. वर कागदाचा फोटो, खाली पाच सुगडी मातीची, खरी. गावात चाक चालवणारं एक घर अजून आहे.

हे लिहितानाच दुसरं सुचतंय. रुमाल ३ मधल्या निम्म्याहून जास्त यादींवर साल नाही, फक्त ‘छ’ आणि महिना आहे. पण खर्चात सण असणारच: दिवाळीचं तेल, होळीच्या गोवऱ्या, पोळ्याचा शेंदूर. १७५० ते १८०० या पन्नास वर्षांत कोणता सण कोणत्या हिजरी महिन्यात पडला याचा एक तक्ता करून ठेवला, तर प्रत्येक यादीला दोन-तीन सालांची एक चौकट, किंवा फेरी साडेबत्तीस वर्षांची असल्याने फार तर दोन चौकटी, लगेच मिळतील. अधिक मास सांभाळावे लागतील. घडी १० थांबवून आधी हा तक्ताच करावा असं आता वाटतंय. जंत्रीतून आकडे उतरवायला दोघेजण हवेत. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी वही घेऊन या.

साहित्याचं थोडक्यात. ‘ॲसिड-फ्री’ म्हणून मागवलेल्या फोल्डरवर पीएच पेन (कागदातलं आम्ल तपासायचा पेन) ओढला तर रेघ पिवळी आली, जांभळी यायला हवी होती. सगळे परत पाठवले, दुकानदाराने अजून पैसे दिलेले नाहीत. तोवर धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळतोय, पूर्वी रुमाल बांधायचे तसंच, आणि कागद खूश दिसतायत. पेन मात्र प्रत्येक मंडळाने घ्यावा. आपण तो आधी घेतला असता तर फोल्डरांचे पैसे अडकले नसते.

रविवारी बैठक वाड्यातच, आजींच्या खोलीत. त्यांना जिना उतरवत नाही. घडी ९ चं लिप्यंतर मी त्यांच्यासाठी मोठ्या टायपात छापून घेतलंय, बाकीच्या अकरा ओळी त्यांना वाचून दाखवायच्या आहेत. सातव्या ओळीत एक शब्द आम्ही ‘दोरी’ वाचलाय, त्याच्यावरही आता माझा विश्वास राहिलेला नाही.