मूळचे कुठले?

महाडला दादली पुलाच्या अलीकडे गाडी सावलीला लावून आम्ही सावित्रीतल्या मगरी बघत होतो. एप्रिलची दुपार. पाण्याकडेच्या खडकावर दोन मगरी जबडे उघडे टाकून पडल्या होत्या. लेक म्हणाली, त्या जांभया देत नाहीयेत, अंग थंड करतायत. बायको म्हणाली, एवढ्या उन्हात इथं उतरायची काही गरज होती का? आणि आईने शेजारच्या कलिंगडवाल्याला विचारलं, "या मूळच्या इथल्याच का हो?"

कलिंगडवाल्याने प्रश्न मनावर घेतला. जरा वेळ नदीकडे बघून म्हणाला, "माझ्या आज्याच्या वेळेपासनं हायत. त्याच्या आधीचं काय ठाऊक नाय." आईला तेवढं पुरलं. आज्यापासून म्हणजे स्थानिक धरायला हरकत नाही.

आमच्या आईला प्रत्येक गोष्टीचं मूळ गाव लागतं. माणसाचं तर लागतंच. ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईंचं लोणावळ्यापर्यंत आडनाव कळलेलं असतं, कर्जतपर्यंत कुलदैवत, आणि दादरला उतरताना त्या बाईंची चुलतजाऊ आमच्या मावशीच्या नणंदेच्या शेजारी राहायची, इथवर प्रकरण आलेलं असतं. मग दोघींना उतरवत नाही. या चौकशीच्या पोटात आडनावावरून जात काढायची जुनी खोड लपलेली आहे, हे मला कळतं. लेक तर तोंडावर बोलून दाखवते. आई म्हणते, "इश्श, मी कुठं जात विचारली? गाव विचारलं." यावर आमच्या घरात वाद होतो, निकाल लागत नाही, आणि पुढच्या वेळी टॅक्सीत बसल्या बसल्या "तुम्ही मूळचे कुठले हो?" सुरू होतं.

तर यंदाची सुट्टी कोकणात. मंडणगडहून वेळास, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, तवसाळहून पुन्हा बोटीत गाडी घालून जयगड आणि शेवटी रत्नागिरी. बेत लेकीचा. तिला कासवं, डॉल्फिन, समुद्रगरुड, कातळावरची चित्रं असं सगळं बघायचं होतं. बायकोला दोन दिवस तरी स्वयंपाक बघायचा नव्हता. मला काही बघायचं नव्हतं, मला खाड्या ओलांडायच्या होत्या. पुलावरून नव्हे, बोटीतून. समोरचा किनारा दिसत असताना इकडच्या धक्क्यावर गाडी उभी करून चहा पीत बसायला मला फार आवडतं. कोणी "वरून हायवेने गेलो तर तेवढाच वेळ लागेल" म्हणालं की मला राग येतो. लागू दे की तेवढाच वेळ.

वेळासला पहाटे किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात कासवांच्या पुरलेल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी त्या उचलून बघतात, खाली पिल्लं वर आलेली असली तर समुद्राकडे सोडतात. आमच्या सकाळी एकाही टोपलीखाली काही नव्हतं. जमलेल्या गर्दीने जागच्या जागी एकमेकांचे फोटो काढले आणि पोहे खायला परतली. गावातल्या लोकांनी घराघरांत राहायची सोय केली आहे. आमच्या यजमानीणबाईंशी आईचं नातं पोहे संपायच्या आत निघालं. त्यामुळे आम्हाला आमरस जास्त मिळाला, एवढं मात्र मान्य करायला हवं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला. मचवे खोल पाण्यात थांबलेले, बैलगाड्या चाकं बुडेस्तोवर आत जाऊन मासळी उतरवून आणत होत्या, मागे सुवर्णदुर्ग. वाळूवर ढीग, ढिगाभोवती माणसं, आणि कुणाला कळू नये अशा वेगात चाललेले आकडे. आईने पदर नाकाला लावला होता, पण जीभ कुठे स्वस्थ बसते. एका कोळणीला म्हणाली, "ही सुरमई कुठली हो?" कोळीण म्हणाली, "समुद्रातली! मग काय घाटावरची?" आजूबाजूच्या सगळ्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली. माझ्या मते त्या सबंध प्रवासात तिला तेवढीच एक जण तोडीस तोड भेटली.

दाभोळच्या धक्क्यावर मात्र माझं लक्ष सगळ्यांवरून उडालं. पाण्याकाठची आदिलशाहीतली मशीद तशीच आहे. पलीकडे अंजनवेलच्या अंगाला वीज प्रकल्प. त्याला सगळं जग दाभोळचा प्रकल्प म्हणून ओळखतं, पण तो खाडीपल्याड, गुहागर तालुक्यात. नाव एका गावाचं आणि धूर दुसऱ्याचा, हे आईला अजून पटलेलं नाही.

मी लहान असताना इथं गाड्या नेणारी फेरीबोट नव्हती. एसटी दाभोळला सोडायची आणि आम्ही ट्रंका, पिशव्या घेऊन लाँचमध्ये बसायचो. पलीकडे धोपावे. मग पुन्हा एसटी, आणि मग आजोळ. लाँचमध्ये पाय बांधलेल्या कोंबड्या असायच्या, गुंडाळलेल्या चटया असायच्या, एकदा तर कुणाची तरी पायपेटी होती आणि तिचा मालक ती मांडीवर घेऊन बसला होता, खाली ठेवायला तयार नव्हता. डिझेलचा वास, पायाखाली थरथरणारी फळी. मी इंजिनाजवळची जागा पकडायचो, कारण तिथं काही ऐकू यायचं नाही.

ऐकू येऊ नये असं वाटायला कारण होतं. लाँच सुटली की तांडेल, म्हणजे लाँच हाकणारा, किंवा कोणी म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, "हा कुणाचा?" मला नव्हे, आईला. आणि आईने तोंड उघडायच्या आत दुसरंच कोणी उत्तर द्यायचं, "खालच्या पाटातल्या माईचा नातू, पुण्याच्या लेकीचा." संपला विषय. माझ्या नावाची कुणाला गरजच पडायची नाही. तिसरीत की चौथीत असताना मी उभा राहून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं आणि पुढे जोडलं, "सदाशिव पेठ, पुणे ३०." सगळी लाँच हसली. तांडेल म्हणाला, "पेठ झाली रे. गाव कुठलं?"

त्यानंतर मी पलीकडे लागेपर्यंत बोललो नाही. या खाडीत, म्हणजे वाशिष्ठी नदीत, सुसरी आहेत हे मला मामाने सांगून ठेवलं होतं. मी पाण्याकडे बघत बसलो आणि ठरवलं की सुसर दिसली तरी या लोकांना सांगायचं नाही.

दिसली नाही. परवाही दिसली नाही. फेरीबोटीत गाड्या दाटीवाटीने उभ्या, लोक गाडीतच एसी लावून बसलेले. तिकीट फाडणाऱ्या पोराने आम्हाला काहीही विचारलं नाही. आईनेच त्याला विचारलं. तो बिहारचा निघाला. आई म्हणाली, "अगो बाई, एवढ्या लांबून?" आणि त्याला पिशवीतला कोकमवडीचा पुडा काढून दिला.

गुहागरला खालच्या पाटात आजोळचं घर आहे, पण ते आता आमचं नाही. वाटण्या झाल्या, एकेकाने आपापला हिस्सा विकला, आणि घेणाऱ्याने दारात 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी लावली. आम्ही तिथंच उतरलो. आईचाच हट्ट. माजघराच्या दोन खोल्या केल्यात, न्हाणीत गिझर आहे, आगरातल्या पोफळी मात्र आहेत. मालक सज्जन आहेत. आईने त्यांना विहिरीवर पूर्वी रहाट कुठं होता ते दाखवलं, त्यांनी तिला वाय-फायचा पासवर्ड दिला. ताटात ओल्या काजूची उसळ आली. लेक म्हणाली, काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. आणि हापूस हे नावही पोर्तुगीज अल्फान्सो अल्बुकर्कचं. आई म्हणाली, "जेव गपचूप."

खरं तर कोकणात हा प्रश्न कुणी फार ताणू नये. इथली जमीनच परशुरामाने बाण मारून समुद्राकडून घेतली म्हणतात. म्हणजे इथं मूळचा फक्त समुद्र.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर पिल्लं निघाली. तळहातावर सहज मावतील एवढी, काळसर, ओली वाळू अंगाला चिकटलेली. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. एक लाट येते, दहा फूट मागे ढकलते, पुन्हा तोंड समुद्राकडे. कोणी बोलत नव्हतं. आई चपला हातात घेऊन उभी होती.

सगळी गेल्यावर तिने तिथल्या कासवमित्राला गाठलं. विशी-बाविशीचा मुलगा होता. तिने वेळासला ऐकून ठेवलं होतं की कासवाची मादी जिथं जन्मते त्याच बाजूच्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते. ही गोष्ट आईच्या मनात अशी बसली होती, की वाटेत दोनदा तिने मला ऐकवलं, "बघ, मुक्या जनावरालासुद्धा बाळंतपणाला माहेर लागतं." फक्त एक खटकत होतं. शंभर-सव्वाशे अंडी घालून, खड्डा बुजवून, ती तासाभरात निघून जाते आणि पुन्हा ढुंकून बघत नाही. "असं कसं रे? बाळंतीण अशी लगेच उठून जाते का कुठं?"

मुलगा म्हणाला, "आजी, माहेराचंसुद्धा काय खरं नाय आता." मग त्याने सांगितलं. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका मादीच्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये इथं, गुहागरला, अंडी घालून गेली. समुद्रातून साडेतीन हजार किलोमीटर. तोवर सगळ्यांचा समज असा, की पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इथं तिचं कोणीच नाही?"

"नाय."

"मग आली कशाला?"

"आवडलं असंल," मुलगा म्हणाला आणि जाळी बांधायला गेला.

रत्नागिरीला आम्ही गाडी धुतली, बँकेचं एक काम केलं, आंब्याच्या पेट्यांवरून घासाघीस केली. मधल्या एका दिवशी कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर गेलो. भर उन्हात काळ्या कातळावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती खोदलेला आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. जवळून काही कळत नाही, नुसत्या रेघा. लेकीने हात उंच करून फोटो काढला तेव्हा कुठे सोंड सापडली. कोकणातल्या या कातळचित्रांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. रत्नागिरीच्या या भागात आज रानटी हत्ती नाही. कोरणाऱ्याने कुठं पाहिला, हे कोण सांगणार? आईने या खेपेला काही विचारलं नाही. टोपी आणली नाही म्हणून मला बोलली.

थिबा राजवाडा शेवटच्या दुपारी बघितला. लाल विटांचा, उतरत्या छपरांचा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. राज्य गेलं तेव्हा तिशीचाही नव्हता. इंग्रजांनी १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथंच गेला. राजवाडा मिळाला १९१० मध्ये, म्हणजे त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला नेऊन ठेवायचं आणि ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीला, हा हिशेब कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, मला त्याचा चेहरा बघायला आवडला असता. दोघांच्याही कबरी परक्या गावात. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या कबरीपाशी येऊन गेले.

थिबाच्या थोरल्या मुलीची मुलगी, टूटू, मात्र रत्नागिरीचीच झाली. इथल्याच माणसाशी संसार केला, मराठी बोलली, इथंच म्हातारी झाली. हे सगळं मी आईला वरच्या सज्जात वाचून दाखवत होतो. आई म्हणाली, "तिला कुणी विचारत असतील का रे?" काय ते तिने सांगितलं नाही.

खाली दाराशी पहारेकरी काका खुर्ची टाकून बसले होते. आईकडे बघून सहज म्हणाले, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

माझ्या आठवणीत हा प्रश्न आईला दुसऱ्या कोणी आधी विचारल्याचं नाही. तेवढा वेळच ती देत नाही. आणि तिचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. गुहागर, खालचा पाट, अमक्यांची थोरली.

"पुण्याची," आई म्हणाली. "सदाशिव पेठेतली."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

आंबा घाट अंधाराच्या आत चढायचा होता. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा आई हॉटेलवाल्याला विचारत होती, मिसळीला तर्री कोल्हापूरची की इथली.