अस्वल असं येत नाही

रेटिंग बघून सिनेमा निवडणं मी सोडून दिलंय. निदान विनोदी सिनेमे आणि जनावरं-राक्षसांचे सिनेमे यांच्यापुरतं तरी. ज्या सिनेमाचं नाव आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात कुणालाच ठाऊक नाही, त्याला कुठल्या तरी पाचशे माणसांनी दिलेला आकडा मला काय सांगणार? त्यातल्या निम्म्यांना तो डबिंगमुळं आवडलेला नसतो आणि उरलेल्यांना वेगळाच सिनेमा बघायचा असतो.

मी एकच गोष्ट बघतो. पडद्यावरच्या माणसांवर जी अडचण आलीय, ती सिनेमा करणाऱ्याला खरी वाटते का? वाटत असेल तर बजेट कमी असलं, राक्षस रबरी असला, नट अनोळखी असले, तरी मी शेवटपर्यंत बसतो.

ही कसोटी मला थोरल्या मामांकडून मिळाली. ते खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूला राहतात. तिथलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडच्या माणसांना गवा, अस्वल, नाग हे शेजारीच. त्याच रानातल्या बारापेडेच्या गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं रॉटनचं वटवाघूळ आहे, हे आम्ही शाळेत शिकलो नाही, पण गुहेत वटवाघळं आहेत हे मामांना पोरवयापासून माहीत. एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला असताना मी अस्वलाचा एक सिनेमा लावला. अस्वल एका खोलीच्या खिडकीतून नाहीसं व्हायचं आणि पुढच्याच क्षणी मैलभर लांब झाडामागून उडी मारायचं. मामांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अस्वल असं येत नाही बघ. काय बघूलास हे? बंद कर की."

मग त्यांनी अस्वल कसं येतं ते सांगितलं. त्याची नजर अधू, नाक तेज. खाली मान घालून वाळवी उकरण्यात गुंग असतं आणि माणूस अचानक समोर आला की घाबरून अंगावर येतं. म्हणून रानात जाणारी माणसं मोठ्यानं बोलत जातात. त्या सिनेमापेक्षा हे ऐकतानाच आम्हाला जास्त भीती वाटली. का, तर त्यात नियम होता. काय केलं तर वाचू आणि काय केलं तर मरू, हे कळत होतं.

'ट्रेमर्स' (१९९०) मला म्हणूनच इतका प्रिय आहे. थिएटरात त्याचं फार काही झालं नाही, व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी त्याला शोधून काढलं. नेवाडाच्या वाळवंटातलं एक लहानसं गाव, जमिनीखालून येणारे अजस्र किडे, आणि पडेल ते काम करून पोट भरणारे दोघे, केविन बेकन आणि फ्रेड वॉर्ड. किड्याला दिसत नाही, तो हादऱ्यांवरून माग काढतो. एवढा एक नियम, आणि सगळा सिनेमा त्यावर उभा. चाललात की मेलात, खडकावर चढलात की वाचलात, पण मग खडकावरून उतरणार कसं? भूकंपांचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी, बंदुकांचा साठा बाळगणारं जोडपं, दुकानदार, प्रत्येकजण आपल्याला जे येतं तेवढंच वापरतो. माणसं डोकं चालवतात तसा किडाही शिकत जातो. हसू भरपूर येतं, पण ते घाबरलेल्या माणसांच्या भांडणातून येतं. हा सिनेमा मामांनी पूर्ण बघितला. मध्ये एकदा तर "खडक सोडू नको" असं पडद्याला सांगितलंसुद्धा.

याउलट 'शार्कनेडो' (२०१३). चक्रीवादळातून शार्क मासे शहरावर पडतात. पुष्कळ लोक म्हणतात, वाईट आहे म्हणूनच मजा येते. मला नाही येत. करणाऱ्यांनीच आपल्या गोष्टीची टिंगल चालवली असेल तर मी तिथं कुणासाठी जीव मुठीत धरायचा? मुद्दाम वाईट केलेल्या सिनेमापेक्षा जीव तोडून केलेला आणि फसलेला सिनेमा मी कधीही बघेन.

विनोदी सिनेमाचंही तेच. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड, त्यामुळं सबटायटल न लावता कन्नड सिनेमे बघता येतात. सीमाभागातल्या मराठी माणसानं हा फायदा घ्यायलाच हवा. राज बी. शेट्टी यांचा 'ओंदु मोट्टेय कथे' (२०१७) बघा. टक्कल पडलेल्या कन्नडच्या प्राध्यापकाचं लग्न जमत नाही, बस्स. टकलावरचे विनोद किती स्वस्तात मिळाले असते! पण त्याला होणारा त्रास सिनेमा एकदाही विसरत नाही.

आणि ऋषभ शेट्टी यांचा 'सरकारी हि. प्रा. शाले कासरगोडु' (२०१८). याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागातल्या मराठी लोकांनी तो कन्नड भाषेचा सिनेमा म्हणून बाजूला ठेवला. केरळात गेलेल्या कासरगोडमधली कन्नड शाळा बंद पडायला आलीय, मल्याळी शिक्षक नेमलाय, आणि पोरं आपली शाळा वाचवायला निघतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, तेव्हा कासरगोड केरळात गेलं आणि आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात. एकाच रेघोटीची दोन टोकं आहेत ही. फक्त तिथं कन्नड आमच्या जागी आहे. माझ्या गावच्या मराठी शाळेच्या वर्गात उरलेली पोरं मला त्या सिनेमात दिसली. त्यांचे उद्योग बघून मी पोट धरून हसलो आणि कोर्टात अनंत नाग उभे राहिले तेव्हा माझा गळा दाटला. त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पोरांपेक्षा थोरांनीच तो बघावा. माझ्या शेजारच्या कन्नड कुटुंबाबरोबर बसून बघितला, आणि नंतर आम्ही रात्री उशिरापर्यंत शाळांबद्दल बोलत बसलो. इतकं मोकळं आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो.

राक्षस आणि विनोद दोन्ही एकत्र हवं असेल तर आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२) आहे. डोंबिवलीत झोंबी, ही कल्पना ऐकून नुसता आचरटपणा असेल असं वाटतं. पण एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मध्ये पाण्याचं भांडण, हे त्यानं नीट पकडलंय. कळसा-भंडुराचा, म्हणजे म्हादईचं पाणी वळवण्याचा वाद ऐकत मोठे झालेल्या आम्हा खानापूरकरांना पाण्यावरून माणसं कशी बदलतात हे वेगळं सांगावं लागत नाही. काही विनोद ताणलेत आणि नाचगाणं मला नको होतं, तरी बघा. मराठीत असे सिनेमे करायला फार कमी लोक धजतात. पुढच्या वेळी मामा आले की त्यांना हाच दाखवणार आहे, कारण झोंबी नेमका कसा येतो यावर त्यांचं मत मला ऐकायचंय.