कृष्णधवल आणि रंगीत

कृष्णधवल चित्रपट म्हणजे रंग वजा केलेला चित्रपट, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. लाल आणि हिरवा हे रंग डोळ्यांना कितीही वेगळे दिसले, तरी कृष्णधवल फिल्मवर त्यांची राखाडी छटा जवळजवळ सारखीच उमटू शकते. त्यामुळे लाल पोशाखातली व्यक्ती झाडीत हरवू नये यासाठी छायालेखकाला तिला केवळ प्रकाशाने वेगळे काढावे लागते. मागून येणारी उजेडाची बारीक कड केसांवर आणि खांद्यांवर पडते, आणि माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो. लेन्सवर लाल फिल्टर चढवला की निळे आकाश काळवंडते आणि ढग उठून दिसतात. ही कारागिरी मला अतिशय प्रिय आहे.

रंगाला मी कमी लेखत नाही. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत १९३२ च्या सुमारास आलेल्या, फिल्मच्या तीन पट्ट्यांवर एकाच वेळी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला इतका प्रकाश लागे की सेट तापून निघत, तरीही तो स्वीकारला गेला, कारण लाजेने गालांवर चढणारी लाली राखाडी छटांत सांगता येत नाही. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकावर रंग देण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे: छायालेखकाने मोजूनमापून पाडलेल्या सावल्यांवर त्याने कधीच न निवडलेला रंग चढतो.