पाण्यावर तरंगलेली पट्टी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी मशिनला तेल देत होते.

"ताई, एक राउंड कमी आहे," पलीकडून आवाज आला. मग बराच वेळ नुसता पावसाचाच आवाज येत राहिला.

आवाज ओळखीचा होता. सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेला माणूस, आता कराडकडे बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर गनमॅन. महिन्याभरापूर्वीच माझ्याकडून दहा काडतुसांच्या घरांचा पट्टा घेऊन गेला होता. आदल्या संध्याकाळी ड्युटी संपवून पट्टा उतरवताना मोजली, तर काडतुसं नऊच भरली. रात्रभर घर, सायकल, गल्ली असं सगळं बॅटरी लावून शोधलं होतं त्यानं. "तुमच्या पट्ट्यातून पडलं" असं तो एकदाही म्हणाला नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं.

मी साताऱ्यात काडतुसांचे पट्टे शिवते, नायलॉनचे. बारा बोअरच्या बंदुकीसाठी लागणारे, खांद्यावरून तिरके किंवा कमरेला बांधायचे. आधी शाळेची दप्तरं आणि प्रवासी बॅगा शिवायचे. शेजारचे हवालदार काका एका बँकेत गनमॅन होते. एका पावसाळ्यात ते त्यांचा चामडी पट्टा घेऊन आले. चामड्यावर पांढरी बुरशी आली होती आणि ज्या घरांत काडतुसं बसायची तिथे आतून हिरवं किटण धरलं होतं. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांची पितळेशी गाठ पडली आणि वर ओल असली, की पितळ कळकतं. काडतुसाचं बूड पितळेचं. असं कळकलेलं काडतूस बंदुकीच्या नळीत अडकू शकतं. काका म्हणाले, "पोरी, तुझ्या बॅगांच्या पट्टीतून मला एक शिवून दे." तो पहिला पट्टा. चार वेळा उसवून पाचव्यांदा जमला.

आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. निवृत्तीनंतर ज्यांच्याकडे स्वतःच्या लायसन्सची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक असते, त्यातले बरेचजण बँकांमध्ये, रोकड गाड्यांवर, साखर कारखान्यांच्या गेटवर लागतात. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत माझा धंदा उभा राहिला. २०१८ साली रिझर्व्ह बँकेनं रोकड वाहतुकीसाठी किमान नियम घातले आणि प्रत्येक गाडीवर निदान दोन बंदूकधारी रक्षक हवेत असं ठरलं. त्यानंतर मागणी जरा वाढली. तरी महिन्याला वीस-बावीस पट्ट्यांच्या वर मी जात नाही. मशीन एक, हात दोन, आणि मुलगा कॉलेजातून आल्यावर मदत करतो तेवढीच.

पट्टा हे काही शस्त्र नाही, तो विकायला परवाना लागत नाही. तरी पार्सलवर 'गन बेल्ट' लिहिलं की कुरिअरवाले मागे सरतात, म्हणून मी 'नायलॉन पट्टा' लिहिते. बहुतेक गिऱ्हाईक स्वतः येऊनच नेतं. मला ते आवडतं. माणूस पट्टा अंगावर चढवून उभा राहिला की खांद्यावर कुठे बोचतंय, बकल छातीवर कुठे येतंय, ते डोळ्यांनी दिसतं.

शिवणकामात सगळा जीव घरांत असतो. पट्ट्याच्या पाठीवर एक अरुंद पट्टी ठेवायची आणि ठराविक अंतरावर टाके घालत तिची कमान करत जायची. एका कमानीत एक काडतूस. बारा बोअरच्या काडतुसाची नळी साधारण २० मिलिमीटर जाडीची. एका घराला पट्टी लागते पाच सेंटिमीटरच्या आसपास. एखादा मिलिमीटर कमी झाला तर थंडीत बोटं गारठलेल्या माणसाला काडतूस ओढता येत नाही. जास्त झाला तर ते सुटं होतं. काडतुसाच्या बुडाला कडा असते, ती घराच्या वरच्या काठावर अडकते, म्हणून उभ्या माणसाचं काडतूस खाली गळत नाही. माणूस वाकला की मात्र ते फक्त पकडीवर राहतं.

हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खराद्याकडून काडतुसाच्या मापाच्या सागवानी गुल्ल्या करून घेतल्या होत्या. खरं काडतूस लायसन्सशिवाय घरात ठेवता येत नाही, ते मी कधी हातातही घेतलेलं नाही. प्रत्येक पट्टा झाला की घराघरात गुल्ली बसवायची, पट्टा उलटा धरायचा, झटकायचा. एकही गुल्ली पडली नाही तरच द्यायचा. त्या नाईकदादाच्या पट्ट्यातूनही पडली नव्हती, याची मला खात्री होती.

आठच्या एसटीनं निघाले. पावसात कराडला पोचायला दीड तास लागला. उंब्रजपर्यंत माझ्या डोक्यात एकच चालू होतं, गुल्ली पडली नाही तर काडतूस पडलं कसं?

नाईकदादा बँकेच्या शाखेबाहेर, शटरच्या आडोशाला उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, चेहरा पार उतरलेला. आत शाखाधिकारी मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलणं सरळ होतं: बारापर्यंत काडतूस मिळालं नाही तर पोलिसांत कळवावं लागेल. त्यांचंही बरोबर होतं. काडतूस म्हणजे हरवलेली छत्री नव्हे. लायसन्सवर किती बाळगायची याचा आकडा असतो, विकत घेतलेल्याची नोंद असते आणि हरवलं तर जाब द्यावा लागतो. बंदूक त्यांची स्वतःची होती. लायसन्सवर गदा आली तर नोकरीही त्याच्या मागोमाग जाणार. घरी मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष.

"दादा, काल वाकला होतात का कुठे?"

ते थोडं आठवत राहिले. "वाकलो की. गाडीतून उतरताना बुटाची लेस सुटली होती. पायरीवर पाय ठेवून बांधली."

मी रिकामा पट्टा हातात घेतला. काडतुसं त्यांनी आधीच काढून मॅडमच्या समोर कपाटात ठेवली होती. टाका एकही सुटलेला नव्हता. घरं मात्र नवी असताना होती तशी ताठ राहिली नव्हती, कमानी जरा बसल्या होत्या. आणि बोट आतून फिरवलं तेव्हा पट्टी गुळगुळीत लागली. नायलॉनला हात लावला की किंचित खरखर, किंचित मऊपणा असतो. ही मेणचटलेल्या कागदासारखी.

तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. या रोलची पट्टी शिवताना सुईला काहीतरी चिकटत होतं, दोरा सारखा तुटत होता. मी सुई खराब समजून दोनदा बदलली. टोकं गरम सुरीनं कापताना पट्टी नेहमीपेक्षा फार लवकर वितळत होती आणि विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येत होता. मुलगा म्हणालाही होता, "आई, आज वास वेगळा येतोय." मी म्हटलं, नवीन माल आहे. रोलवर नायलॉन लिहिलं होतं, बिलावर नायलॉन लिहिलं होतं, आणि मीटरमागे तो दोन रुपयांनी स्वस्त होता. पुरवठादार नवीन होता. मी आनंदानं घेतला होता.

मॅडमकडे कात्री मागितली. पट्ट्याच्या टोकाला शिवणीपलीकडे जी थोडी जादा पट्टी सोडलेली असते, तिचा बोटभर तुकडा कापला, चुरगाळून त्यातली हवा काढली आणि माझ्यासमोरच्या पाण्याच्या ग्लासात दाबून धरला. सोडला तसा तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. मग माझ्या पर्सचा बंद होता, जुन्या खात्रीच्या नायलॉनचा, त्याचा दोरा-दोरा सुटलेला कोपरा कापून टाकला. तो सरळ तळाला गेला.

नायलॉन पाण्याहून जड, पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं. मला पॉलिप्रॉपिलीन विकलं गेलं होतं. भाजीच्या पिशव्यांच्या बंदांना ते ठीक असतं, स्वस्तही असतं. पण ते १६०-१६५ अंशांना वितळतं, म्हणून वेगानं चालणाऱ्या मशिनची सुई तापली की तिला चिकटतं. उन्हात लवकर ठिसूळ होतं. आणि सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू सैल पडत जातं, परत आवळत नाही. महिनाभर दहा काडतुसं त्या कमानींना बाहेर रेटत होती. मुळात गुळगुळीत पट्टी, त्यात गुळगुळीत प्लास्टिकची नळी. माझ्या गुल्ल्या सागाच्या होत्या. लाकडाला धर असतो, प्लास्टिकला नसतो. इतकी वर्षं मी पट्टा झटकून बघत होते, पण जे त्यात बसणार ते घालून बघतच नव्हते.

हे मी मॅडमना आणि दादांना तिथेच सांगितलं. माल फसवून दिला गेला हे खरं. पण सुई चिकटली तेव्हा थांबायला हवं होतं, ते माझं काम होतं. मॅडमच्या टेबलावर एक कागद घेऊन तसं लिहून दिलं, खाली सही केली, फोन नंबर घातला. रक्षकाचा निष्काळजीपणा नव्हता, पट्टा सदोष होता, असं. दादा म्हणाले, "ताई, लिहू नका, तुमचा धंदा जाईल." मी लिहिलं.

मग गाडी. ड्रायव्हर आणि दादा सकाळीच एकदा बघून गेले होते. दादांनी लेस कशी बांधली ते मी त्यांना पुन्हा करायला लावलं. उजवा पाय पायरीवर, कंबरेतून वाकलेले, पट्ट्याचं छातीवरचं टोक थेट गाडीच्या आतल्या बाजूला. म्हणजे रस्त्यावर नाही, आत. पायरीच्या वर रबरी मॅट होती, चिखलानं पत्र्याला चिकटून बसलेली. ड्रायव्हरनं ती पाना घालून उचकटली. मॅट आणि सीटच्या लोखंडी पायाच्या मधल्या खाचेत लाल नळी दिसली.

पावणेबारा वाजले होते. दादांनी ते रुमालानं पुसलं, बुडावरचे शिक्के वाचले, मॅडमना दाखवलं आणि दहावं म्हणून कपाटात ठेवलं. मग शटरजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी तिकडे गेले नाही.

खरं काम तिथून पुढे होतं. त्या रोलचे मी चौदा पट्टे शिवले होते. वही माझ्याजवळ होती, तीत गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि रोलचा नंबर लिहायची सवय हवालदार काकांनी लावलेली. फौजेत प्रत्येक वस्तूची नोंद असते, तशी ठेव, म्हणायचे. कराड स्टँडच्या बाकावर बसून फोन सुरू केले. प्रत्येकाला तेच सांगितलं: पट्टा वापरू नका, काडतुसं काढून ठेवा, नवा शिवून देते, पैसे लागणार नाहीत. बहुतेकांनी निमूट ऐकलं. एकजण चिडला, त्याची ड्युटी रात्रीची होती. एकानं विचारलं, "बाकीच्यांनाही सांगताय का?" हो म्हटल्यावर म्हणाला, "मग मला सगळ्यांत शेवटी द्या, माझ्याकडे जुना आहे." बारा लागले, एक दादा समोरच होते. चौदाव्याचा फोन काही लागेना. जावळीच्या खोऱ्यातला शेतकरी, रानडुकरांपासून पिकं राखायला बंदूक बाळगणारा. तिथे पावसाळ्यात रेंज असली तर असते.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी त्या रोलचा उरलेला माल अंगणात काढला. मग मुलाला वायरिंगच्या दुकानात पाठवलं. विजेच्या तारांसाठी भिंतीत घालतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, जाडी काडतुसाइतकीच. त्याचे सहा-सहा सेंटिमीटरचे तुकडे केले. सायकलच्या दुकानातून छर्रे आणून आत भरले, दोन्ही तोंडं एम-सीलनं बंद केली, किराणा दुकानाच्या काट्यावर ४५ ग्रॅमपर्यंत आणून ठेवले. असे दहा. काडतुसाची कडा त्यांना नाही, म्हणजे परीक्षा अधिकच कडक. रद्द रोलच्या पट्ट्यात ते घातले आणि उलटा केला. झटकावंसुद्धा लागलं नाही, सहा खाली आले.

जुन्या पुरवठादाराच्या रोलचा शेवटचा पंधरा मीटर तुकडा शिल्लक होता. तो आधी बादलीत बुडवून बघितला. मग रात्री दोनपर्यंत नाईकदादांचा आणि त्या चिडलेल्या रक्षकाचा असे दोन पट्टे शिवले, घरं नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर घट्ट धरून. पहाटेच्या एसटीनं मुलगा कराडला देऊन आला. बाकीचे बारा पुढच्या नऊ दिवसांत झाले. त्या महिन्यात हातात काही उरलं नाही. नव्या पुरवठादारानं फोन उचलला, ऐकून घेतलं आणि उरलेल्या रोलचे पैसे परत दिले. शिवलेल्याचे नाही.

जावळीचा शेतकरी पंधरवड्यानं बाजाराला आला, तेव्हा मुद्दाम घरी बोलावलं. भिजलेलं इरलं दाराशी ठेवून तो आत आला. "माझी असतात किती, दोन काडतुसं," म्हणाला. "कशाला उगा नवा? ह्योच बरा हाय."

मी त्याचा पट्टा घेतला, दोन घरांत माझे दोन तुकडे घातले आणि त्याच्यासमोर उलटा धरला. एक टप्पकन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, हातात जोखला, आणि काही न बोलता नव्या पट्ट्यासाठी खांदा पुढे केला.