वितळलेली चुनखडी शोधायला रीस क्रेटरला गेलो आणि भिंग घरी विसरलो

लोणार बघून झालं होतं पण तिथे सगळा बेसॉल्ट (लाव्हाचा काळा दगड), उल्का चुनखडीवर आदळली तर काय होतं हे बघायचं होतं म्हणून जर्मनीत बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेनला दोन दिवस काढले. अख्खं गाव सुमारे 1.5 कोटी वर्षं जुन्या, 24 किमी रुंद उल्काखड्ड्यात, म्हणजे रीस क्रेटरमध्ये वसलंय आणि आत उभं राहून खड्डा आहे हे कळतच नाही. त्यामुळे आधी सेंट जॉर्ज चर्चचा टॉवर चढा. 350 पायऱ्या, दम निघतो, पण वरून चहूबाजूंनी टेकड्यांची कड दिसली की मग ट्यूब पेटते. टॉवरचा दगड सुएव्हाइट, म्हणजे काच आणि खडकाचे तुकडे एकत्र घट्ट झालेला दगड, तोही त्या धडकेतच बनलेला.

मला वाटलेलं वितळलेली चुनखडी म्हणजे लाव्हासारखं काहीतरी थिजलेलं दिसेल. छे! चुनखडी नुसती तापवली तर 900 डिग्रीच्या आसपास वितळायच्या आधीच कार्बन डायऑक्साइड सोडते आणि उरते चुनकळी, चुन्याच्या भट्टीत होतं तेच. पण दाब असला की गॅसला सुटायला जागा नसते आणि मग ती खरंच वितळते. धडकेत दाब क्षणात चढतो नि उतरतो, त्यामुळे किती वितळली आणि किती गॅस होऊन उडाली यावर भूगर्भवाल्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, त्यात तोच गॅस चुनकळीत परत मुरला की पुन्हा कॅल्साइट (चुनखडीचं मूळ खनिज) तयार, म्हणजे पुरावा स्वतःच स्वतःला पुसून टाकतो.

दुसरं म्हणजे इथे चुनखडी वरच्या थरात होती, तिचा बराचसा भाग नुसता फुटून बाहेर फेकला गेला. वितळला तो मुख्यतः खालचा ग्रॅनाइटसारखा खडक, सुएव्हाइटमधली काळपट काच त्याचीच. होल्हाइमजवळ लिंडलच्या जुन्या खाणीत चुनखडीचा अवाढव्य ठोकळा बारीक बारीक तडकलेला दिसतो, मला तीच जागा सगळ्यात आवडली. वितळल्याच्या खुणा बघायच्या तर सुएव्हाइटमध्ये काचेला खेटून असलेले कॅल्साइटचे गोलसर पांढरे ठिपके शोधा, काही अभ्यासकांच्या मते ते तेल-पाण्यासारखे काचेत न मिसळलेले चुनखडीचे थेंब आहेत. पण प्रत्येक पांढरा ठिपका तसला नसतो, पाण्याने नंतर भरलेलं कॅल्साइटही खूप आहे. भिंग न्याच, मी नेलं नव्हतं आणि अर्धा दिवस डोळे ताणत बसलो.

हाइन्सफार्टजवळ ब्यूशेलबर्गला बारीक शंखांनी भरलेली चुनखडी बघून मी उगाच खूश झालो, ती धडकेनंतर खड्ड्यात जे तळं साचलं त्यातली निघाली. फसू नका. तिथून जवळच औम्यूलेची खाण आहे, खाली रंगीबेरंगी फेकलेला राडा आणि वर राखाडी सुएव्हाइट अशी स्पष्ट रेघ दिसते, ती चुकवू नका.

रेल्वेने डोनाउवर्थमार्गे येता येतं. खाणी लांब लांब आहेत, सायकल किंवा गाडी हवी. हातोडा आणू नका, हा जिओपार्क आहे, म्हणजे खडक जपलेला परिसर. रीसक्रेटर म्युझियम आधी करा म्हणजे बाहेर काय बघायचं ते कळेल, शिवाय आत अपोलो 16 ने आणलेला चंद्राचा दगड आहे. एक दिवस जास्त असला तर नैऋत्येला 40 किमीवर श्टाइनहाइमचा छोटा खड्डा करा, चुनखडीतले शॅटर कोन, म्हणजे घोड्याच्या शेपटीसारख्या रेघांचे शंकू, तिथे भिंगाशिवायही दिसतात.