टाका निसटलेलं गाणं

रविवार, रात्री साडेदहा

आज एका पौंडाला एक सीडी घेतली आणि तिच्यापायी दिवसभर आईशी वाद घातला. म्हणजे वाद मी घालत होते, आई विणत होती.

चॅरिटी शॉपमध्ये गेलो होतो ते तिच्या लोकरीसाठी. इथं कुणी कुणी अर्धवट टाकलेले गुंडे देऊन जातं आणि आईला ते बघितले की राहवत नाही. ती रंग जुळवत बसली तोवर मी सीडींच्या खोक्यात हात घातला. आमच्या म्हाताऱ्या गाडीला अजून सीडीची फट आहे, तेवढंच निमित्त. तळाशी पांढरं कव्हर, वर मोजकी अक्षरं. न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडचं 'सबस्टन्स', १९८७ सालचा गाण्यांचा संग्रह. दोन सीडींचा संच, पण उघडून बघितलं तर दुसरी जागा रिकामी. काउंटरवरच्या आजीबाई म्हणाल्या, मग दोन नको, एकच पौंड दे.

गाडीसाठी सीडी घेतली याचं मला वेगळंच हसू येत होतं. या संग्रहाचा जन्मच मुळी एका गाडीपायी झाला असं सांगतात. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, म्हणजे फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनने नवी जॅग्वार घेतली, तिच्यात सीडी प्लेअर होता आणि त्याला न्यू ऑर्डरची सगळी सिंगल्स, म्हणजे एकेकटी काढलेली गाणी, गाडीत एका दमात ऐकायची होती. पण ती एकत्र होती कुठे? ही मंडळी सिंगल वेगळं काढायची आणि एलपी वेगळी. 'ब्लू मंडे' १९८३ च्या त्यांच्या एलपीवर इथं ब्रिटनमध्ये नव्हतंच. तेव्हा बारा इंची रेकॉर्डवरची लांबलचक गाणी ओळीनं लावली, सीडीवर मावेनात म्हणून काहींची शेपटं छाटली, आणि झालं 'सबस्टन्स'. फॅक्टरीच्या यादीत क्रमांक २००. या लोकांना क्रमांक देण्याचं भारी वेड. त्यांच्याच हासिएंडा क्लबचा ५१, 'ब्लू मंडे'चा ७३, क्लबातल्या मांजरालासुद्धा एक क्रमांक दिलेला. नशीब, मांजराचं सिंगल काढलं नाही.

ही गाणी मी पहिल्यांदा ऐकली पुण्यात, हॉस्टेलवर. मैत्रिणीच्या भावाने कुठून कुठून जमवून भरून दिलेली कॅसेट होती, वर एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि या बँडची खोड अशी की गाण्याचं नाव गाण्यात सहसा येतच नाही. मग आम्हीच बारसं केलं. 'ब्लू मंडे'ला 'धडधड'. 'बिझार लव्ह ट्रँगल'ला 'गॅदरिंग', कारण त्या वर्षी गॅदरिंगला त्याच्यावर नाचलो होतो. 'टेम्प्टेशन'ला नाव नव्हतं. ते लागलं की कुणी काही बोलायचं नाही, एवढाच नियम. आता मी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डला राहते. या बँडमधला बर्नार्ड समनर आणि पीटर हूक दोघेही मूळ इथलेच. कॅसेट ऐकताना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी सॅल्फर्ड कुठेशी आलं हे कुणाला माहीत होतं!

चीटम हिलला मेथी-कोथिंबीर आणायला निघालो. बाहेर तोच पाऊस. आईचं मत असं की सांगलीचा पाऊस पडून मोकळा होतो, इथला नुसता कुंथतो. सीडी आत सरकवली आणि 'सेरेमनी' सुरू झालं.

हे गाणं खरं तर न्यू ऑर्डरचं नाहीच. जॉय डिव्हिजनचं आहे, याच मंडळींच्या आधीच्या बँडचं. त्यांचा गायक इयन कर्टिस याने लिहिलेल्या शेवटच्या गाण्यांतलं. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, त्याने स्वतःला संपवलं. वय तेवीस. मागे तिघं उरले: समनर, हूक आणि ड्रमवाला स्टीफन मॉरिस. या गाण्याचं धड रेकॉर्डिंगही झालेलं नव्हतं. होत्या त्या खरखरत्या टेप. शब्द लागेनात, म्हणून ती टेप इक्वलायझरमधून काढून, आवाज वरखाली करून, कर्टिस काय म्हणतोय ते एकेक शब्द कान देऊन उतरवून घ्यावं लागलं. गेलेल्या मित्राची ओळ बरोबर ऐकू यावी म्हणून बटणं पिरगाळत बसलेली विशीतली पोरं. मला हे दर वेळी डोळ्यांपुढे येतं.

आईला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि गातोय तो कोण?"

"दुसरा. गिटार वाजवायचा तो. गायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने गायलं."

"कळतंय. घाबरत गातोय."

इतक्या वर्षांत याहून नेमकं काही मी या गाण्याबद्दल ऐकलेलं नाही.

'ब्लू मंडे' लागलं तेव्हा आम्ही सिग्नलच्या अलीकडे अडकलो होतो. साडेसात मिनिटांचं गाणं आणि गाडी जागची हलत नव्हती, म्हणजे योग्य जागा. आधी नुसता ड्रम मशीनचा ठोका, मग त्याचे ते गोळ्या झाडल्यासारखे तुकडे. आईने सुया थांबवल्या. "हे मशीनच वाजवतंय ना सगळं?" बरंचसं, म्हटलं. त्यांना प्रयोग संपल्यावर 'आणखी एक' म्हणून परत स्टेजवर यायचा कंटाळा. म्हणून एक गाणं असं करावं की बटण दाबलं की आपलं आपण वाजत राहील आणि आपण निघून जावं, अशी मूळची कल्पना. आई म्हणाली, कामचुकार आहेत.

तेव्हा मी तिला गिलियनची गोष्ट सांगितली. गिलियन गिल्बर्ट ही मॉरिसची मैत्रीण, १९८० च्या शेवटाला बँडमध्ये आली, कीबोर्डवर. 'ब्लू मंडे'चा एकेक सूर सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, हाताने भरायचं काम तिच्याकडे. आजच्यासारखी पडद्यावर ओढाओढ नाही. सगळं गाणं तिने कागदांवर लिहून काढलं, कागदाला कागद चिकटपट्टीने जोडत गेली, आणि ती पट्टी स्टुडिओच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिनेच सांगितलंय, ते एखाद्या भल्यामोठ्या विणकामाच्या नमुन्यासारखं दिसत होतं. आणि भरता भरता एक सूर राहिला. त्यामुळे सिंथेसायझरची धून तालापेक्षा किंचित सरकली आहे. तशीच ठेवली. १९८३ चं ते गाणं जगात सर्वांत जास्त खपलेली बारा इंची सिंगल ठरलं.

"टाका निसटला म्हण की," आई म्हणाली, आणि मी आवाज वाढवला. दोघी कान लावून बसलो. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं, सिग्नल सुटून गेला होता.

त्या रेकॉर्डचं कव्हर पीटर सॅव्हिलने फ्लॉपी डिस्कसारखं केलं होतं. मधोमध भोकं, ना बँडचं नाव ना गाण्याचं, कडेला नुसते रंगाचे चौकोन, आणि त्या रंगांत सगळी माहिती सांकेतिक लिपीत. ते छापायला इतका खर्च की प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला पदरचे पैसे घालावे लागत, अशी दंतकथा आहे. किती खरी कोण जाणे, पण हिशेबाच्या बाबतीत फॅक्टरीबद्दल काहीही सांगा, खपून जातं. बँडची कमाई हासिएंडात ओतली जायची आणि हासिएंडा ती पिऊन टाकायचा. आता त्या जागी फ्लॅट आहेत. येताना व्हिटवर्थ स्ट्रीटवरून मुद्दाम गाडी वळवली आणि आईला दाखवले. "फ्लॅटच आहेत की," ती म्हणाली. आहेत खरे.

'परफेक्ट किस' चालू असताना तिने मध्येच विचारलं, "बेडूक ओरडतायत का गं?" खरंच बेडूक आहेत त्यात, सॅम्पलरमधले. हूकची बास गिटार वर चढून गाण्याचीच चाल वाजवते आणि खाली बेडूक. हूकचं असं उंच सुरात वाजवणं सुरू झालं तेही अडचणीतूनच. सुरुवातीच्या दिवसांत त्याचा स्पीकर भिकार, समनरची गिटार कर्कश्श. खालच्या तारांवर वाजवलं तर स्वतःचं स्वतःला ऐकू येईना, म्हणून हा वर सरकला तो कायमचा. आईला बेडूक पसंत पडले. 'शेलशॉक' आणि 'स्टेट ऑफ द नेशन' मलाही कधी फारसे भावले नाहीत, ते दोन्ही वाण्याच्या दुकानात असताना संपले ते बरंच झालं.

वाद झाला तो 'टेम्प्टेशन'वरून. घरी येऊन सीडी स्वयंपाकघरातल्या प्लेअरवर लावली. या संग्रहावरचं 'टेम्प्टेशन' हे १९८२ चं नाही. १९८७ मध्ये त्यांनी ते नव्याने रेकॉर्ड केलं. 'कन्फ्यूजन'ही केलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, मुळातलंच मला बेताचं वाटायचं. 'टेम्प्टेशन'चं मात्र लागतं. जुनं ओबडधोबड होतं, लांब होतं, आता कोसळतंय की मग कोसळतंय असं वाटायचं आणि कोसळायचं नाही. नवं कसं भांग पाडून आल्यासारखं. मी मेथी निवडता निवडता तावातावाने बोलत होते: एकदा झालेली गोष्ट परत का करायची?

आई म्हणाली, "त्यांचं आहे ना? करू देत की." मग म्हणाली, "गीतरामायण रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा वेगवेगळे लोक गायचे. माणिक वर्मा, लताबाई, कितीतरी. आपण आता ऐकतो ते सगळं बाबूजींच्या आवाजातलं. आमचे अण्णा म्हणायचे, ते पहिलं वेगळंच होतं. मी तेव्हा पाच वर्षांची, मला कुठलं आठवतंय? मला बाबूजींचंच खरं वाटतं."

"म्हणजे अण्णांचं बरोबर की तुझं?"

"अण्णा गेले," ती म्हणाली आणि टाके मोजायला लागली.

मेथी धुताना मला आणखी एक आठवलं आणि माझीच पंचाईत झाली. 'सेरेमनी' त्यांनी आधी तिघांनी रेकॉर्ड केलं होतं, ते सिंगल म्हणून बाहेरही पडलं होतं. गिलियन आल्यावर चौघांनी तेच गाणं पुन्हा केलं. या सीडीवर आहे ते दुसऱ्या खेपेचं. सकाळी गाडीत ज्याच्यावर मी एवढं बोलले, आई ज्याला 'घाबरत गातोय' म्हणाली, ते दुसऱ्यांदा केलेलं गाणं होतं. हे मी आईला सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर तिचा आवाज आला. "अगं, इकडे ये. हा बघ." मागचा भाग विणून होत आला होता आणि पार खाली, अकरा ओळींखाली, उलट टाक्याच्या जागी सुलट पडला होता. मी म्हटलं कुणाला दिसणार आहे, पाठीवर तर येणार. ब्लू मंडे आठव, म्हटलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, सुई काढून घेतली आणि सरळ उसवायला लागली.

मला समोर बसवलं, हात पुढे करायला लावले आणि उसवलेली लोकर माझ्या दोन्ही हातांभोवती गुंडाळायला घेतली. कुरळी झालेली निळी लोकर, तिला अजून मघाच्या टाक्यांचा आकार. एव्हाना शेवटचं 'ट्रू फेथ' लागलं होतं. या संग्रहाबरोबर काढायचं म्हणून १९८७ मध्ये स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर केलेलं नवं गाणं, इतकं सफाईदार की 'सेरेमनी'वाली हीच का ती माणसं असं वाटावं. मध्ये फक्त सहा वर्षं.

"हे चांगलं आहे," आई म्हणाली. "हा आता घाबरत नाही."

गाणं संपलं. प्लेअरचं रिपीटचं बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं. माझे हात लोकरीत अडकलेले, आई गुंडा करण्यात गुंतलेली. बंद करायला कुणीच उठलं नाही, आणि ते परत 'सेरेमनी'पासून सुरू झालं.