गळकी मोट

आमच्या घराच्या मागच्या भिंतीलगत, सिमेंटच्या ओट्यावर, कमरेइतक्या उंचीचा एक करडा पत्र्याचा पेटारा गेली अकरा वर्षे घुरघुरत बसलेला आहे. उत्तर कॅरोलायनातल्या केरी या आमच्या गावी बहुतेक घरांमागे असा एक पेटारा असतो आणि त्याला हीट पंप म्हणतात. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे आपला एसीच. हिवाळ्यात मात्र आतली एक झडप फिरते, गॅसची वाट उलटते आणि तोच पेटारा बाहेरची उष्णता घरात आणू लागतो.

आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली ती जानेवारीत, आणि हे शेवटचे वाक्य काही तिच्या गळी उतरेना. "बाहेर पाणी गोठतंय आणि तिथनं तुझं यंत्र ऊब आणतं? काहीतरीच बोलतोस." मी तिला समजावू लागलो, की ज्याला आपण गॅस म्हणतो तो या नळ्यांतून फिरणारा द्रव उघड्यावर उणे ५० अंशांच्या आसपासच उकळतो. बाहेरच्या नळ्यांत दाब उघड्या हवेपेक्षा जास्त, पण आतल्या नळ्यांपेक्षा कमी ठेवून त्याला उणे आठ-दहा अंशांवर उकळायला लावले, की शून्य अंशाची हवासुद्धा त्याच्या मानाने गरम ठरते आणि आपली उष्णता त्याला देऊन टाकते. मग त्याची झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि घरात येऊन ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. आईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मोटच की."

मला हे आधी सुचले नव्हते याची थोडी लाजच वाटली. पाणी आपणहून उताराकडेच जाते आणि उष्णताही गरमाकडून गाराकडेच जाते. विहिरीतले पाणी थारोळ्यात आणायचे तर बैलांना धावेवर राबवावे लागते, पण बैल काही पाणी निर्माण करत नाहीत, ते फक्त वर ओढतात. म्हणून तर बेताच्या थंडीत एक युनिट विजेत हे यंत्र सुमारे तीन युनिट उष्णता घरात आणते, तर शेगडीला एका युनिटात एकाच युनिटाची ऊब देता येते. जाळण्यापेक्षा ओढून आणणे स्वस्त पडेल हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२मध्येच मांडले होते, आणि झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८मध्ये बसवलेला हीट पंप तर शेजारून वाहणाऱ्या लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता उपसत असे. नदीवर लावलेली मोट ती हीच.

आईची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली, की या यंत्राची हवा कोमट असते. ती असतेच. झरोक्यातून येणारी हवा पस्तीस अंशांच्या आसपास असल्याने हाताला ती गरम लागतच नाही. बंबाजवळ बसून वाढलेल्या माणसाला हे मिळमिळीत वाटणारच. एका पहाटे तर तिने मला हलवून उठवले. बाहेरचा पंखा थांबला होता आणि पेटाऱ्यातून पांढरे लोट उठत होते. यंत्र पेटले असे तिला वाटले, पण बाहेरच्या नळ्यांवर दहिवर गोठून थर साचला की तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे स्वतःच उलटे फिरते आणि घरातली थोडी उष्णता बाहेर नेते. ते लोट वाफेचे होते. पाच मिनिटांत पंखा पुन्हा सुरू झाला, आम्ही चहा टाकला.

खरा बिघाड त्याच महिन्याच्या अखेरीस लक्षात आला, आणि तोही बिलामुळे. घराचे तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटच्या पडद्यावर 'ऑक्झिलरी', म्हणजे पूरक, हा शब्द दिवसभर ठाण मांडून असायचा, म्हणजे मोट थकली म्हणून आतल्या विजेच्या कॉइलवर घर तापवणे चालले होते. मोट असताना घागरीने विकतचे पाणी आणावे, तसा तो प्रकार होता. बोलावलेल्या माणसाने मीटर लावले, गॅस कमी असल्याचे सांगितले, गॅस भरला आणि पावती दिली. आदल्या वर्षीही त्याच कंपनीच्या माणसाने अगदी हेच केले होते. तो गेल्यावर आईने विचारले, "गॅस जातो कुठं? स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. हा कशानं संपतो?"

याला उत्तर एकच होते, की तो संपत नाही. बंद तांब्याच्या नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' म्हणणारे आणि इथे दर हिवाळ्यात म्हणणारे, दोघेही गळकी मोट पुन्हा पुन्हा भरत असतात. आई म्हणाली, "आमचे अण्णा आधी मोट उतरवून टाके बघायचे."

परवाना नसलेल्याने या गॅसला हात लावायचा नाही असा इथला कायदा आहे, म्हणून दुसरा माणूस शोधला. तो साठीचा होता आणि त्याच्याकडचे सर्वांत कामाचे हत्यार म्हणजे साबणाच्या पाण्याची बाटली. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, त्याच चिकाटीने तो एकेका सांध्यावर फेस लावत गेला. गॅस भरायच्या तोंडाशी, मोटारीच्या चाकात असते तशा एका बोटाएवढ्या झडपेवर, हळूहळू एक बुडबुडा फुगला. त्यावरचे पितळी टोपण बेपत्ता होते. आधीचा कोणी तरी गॅस भरून ते लावायलाच विसरला असावा. काही डॉलरची झडप बदलली, टोपण बसवले, गॅस वजन करून पुरा केला. आमच्या यंत्रातला आर-४१०ए हा गॅस हवेत गेला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमानवाढ करतो, म्हणजे दोन वर्षे आम्ही पैशांखेरीज आणखीही बरेच काही हवेत सोडत होतो.

तेव्हापासून मी या पेटाऱ्याकडे भरण्याच्या नव्हे, तर अडणे आणि गळणे या दोनच दृष्टींनी पाहतो. घरातली हवा गाळणारा फिल्टर दर महिन्याला उजेडासमोर धरतो. आमच्या फोडण्या आणि उदबत्त्यांमुळे तो शेजाऱ्यांपेक्षा लवकर काळवंडतो, हे मात्र मी त्यांना सांगितलेले नाही. एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे पिवळे पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर आणि या पेटाऱ्याच्या जाळीवर हळदीसारखे माखतात. तेव्हा मी खटका पाडून साध्या नळीच्या संथ धारेने जाळी धुतो, कारण जोराच्या धारेने तिची पातळ पाती दुमडतात. जाताजाता पितळी टोपण जागेवर आहे ना, ते बोटाने चाचपतो.

आई मार्चमध्ये परतली. मे महिन्यात साताऱ्याच्या घरी एसीवाला आला आणि गॅस संपलाय, भरावा लागेल, असे त्याने ऐटीत सांगितले. आईने न्हाणीघरातून साबणाच्या फेसाचा मग आणून त्याच्या हातात दिला. तो आधी हसला, मग तिच्याकडे पाहून निमूट शिडी चढला. बुडबुडे बाहेरच्या युनिटच्या दुसऱ्या नटापाशी आले.